वळणावरची शिट्टी

४ फेब्रुवारी

वहिनी, नमस्कार.

आधी हे सांगतो की इथे सगळे सुखरूप आहेत. पोलिसाकडून कागद आला की माणूस वाईटच धरून बसतो, म्हणून ही ओळ सगळ्यात वर टाकली. आता मजकूर.

आपली पोलीस लाईन पाडली. समोरासमोरच्या दोन्ही ओळी, मधलं अंगण, सामायिक नळ, सगळं सपाट झालं. मी रोज सकाळी फिरायच्या निमित्ताने तिथे जातो आणि उभा राहतो. आमची ही म्हणते, रिटायर झालात तरी तुमचा बंदोबस्त काही उठत नाही. काय करणार? सदर जागेवर आपली सगळ्यांची तरणी वर्षं गेली. तुमच्या आणि आमच्या खोलीमधली भिंत पडली तेव्हा मी समोर होतो. आत नुसती वाळू निघाली. म्हणूनच तुमच्याकडे चमचा पडला तरी आमच्याकडे ऐकू यायचा.

पण बातमी चांगली आहे. तिथे स्मृतिउद्यान होतंय, आपल्या ठाण्यातले जे कामगिरीवर गेले त्यांच्यासाठी. नावांची दगडी भिंत, बाकं, झाडं. आपल्या दादाचं नाव असणारच. तो गेला त्या गोदामाच्या आगीतून त्याने ज्या हमालांना ओढून काढलं, त्यांच्यातला एक अजून मला बाजारात भेटतो. भेटला की दादाचीच आठवण काढतो. आणि हे सगळं जमवून आणलं कुणी, तर आमच्या चिमणीने! ती आता इथलीच ठाणेदार आहे. वेणी घालताना जिला तुम्ही गुडघ्यात दाबून धरायचात, तिला लोक उठून सलाम ठोकतात. मी बाप असून मलाही एकदा ठोकावा लागला.

उद्घाटन मे महिन्यात आहे, संध्याकाळी, पाळी सुटायच्या वेळेला. चिमणी म्हणते, बँड नको, बंदुकांची सलामी नको, शिट्ट्या वाजवायच्या. नव्या साहेबांना ही भानगड समजावताना माझी दमछाक झाली. म्हटलं, साहेब, लाईनीतला प्रत्येक गडी घरी येताना पाण्याच्या टाकीच्या वळणावर शिट्टी फुंकायचा, आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. बायका आतूनच ओळखायच्या की आपला आला, आणि चहाचं आधण ठेवायच्या. लांब्याची ती न संपणारी, मोठ्या जमादारांची कवायतीसारखी तोलूनमापून. साहेब म्हणाले, "सरकारी शिट्टी खासगी कामाला?" मग स्वतःच हसले आणि सही केली.

तर दोन कामं. दादाचा चांगला फोटो पाठवा, आणि त्याची शिट्टी कशी होती ते लिहून कळवा. चिमणी म्हणते मला येते, पण पडताळलेलं बरं. माझ्या आठवणीला आता मीच जामीन राहत नाही. आणि तुम्ही यायचंच आहे. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीय.

वरील मजकूर खरा आहे,
भिंतीपलीकडचा


१७ फेब्रुवारी

भावजी, नमस्कार.

पत्र पोचलं. सूनबाईने मोठ्याने वाचायला घेतलं आणि 'सदर जागेवर' आल्यावर तिला हसू आवरेना. म्हणाली, "आई, हे पत्र आहे की पंचनामा?" म्हटलं, बाई, हा माणूस लग्नाआधी बायकोलाही 'आपल्या पत्राच्या अनुषंगाने' असं लिहायचा. माझ्या शेजारणीने मला ते पत्र दाखवलंय. हे तिला वाचून दाखवा आणि भांडण झालं तर मला कळवा.

फोटो सोबत आहे. टोपीतला देत नाही. टोपी घातली की हे साऱ्या जगावर रागावल्यासारखे दिसायचे, आणि रागावता तर यांना कधी आलंच नाही. हा अंगणातला आहे, हातात तुमच्या घरचं मांजर आहे. हवं तर मांजर कापून टाका, पण हसू राहू द्या.

चिमणी ठाणेदार झाली हे ऐकून मी खुर्चीत टेकलेच. सगळ्यांच्या शिट्ट्यांची नक्कल करत लाईनभर हिंडायची आणि आम्ही बायका फसून आधण ठेवायचो. त्या पोरीपायी किती चहा वाया गेला असेल! तिला माझे आशीर्वाद सांगा.

मला मात्र यायला जमायचं नाही. गुडघे फार बोलतात. मेमध्ये ऊन असतं. नातवाची परीक्षा आहे. आणि मुलाला रजा मिळत नाही.

माझं लिंबाचं झाड काढून टाकलं का हो? मोरीच्या पाण्यावर वाढवलं होतं. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात बाहेर काढला की लिंबू हाताला लागायचं. उगाच विचारते.

भिंतीअलीकडची


३ मार्च

वहिनी, नमस्कार.

आपण चार कारणं दिलीत. चार कारणं देणारा माणूस खरं कारण पाचवं ठेवतो, एवढं मी नोकरीत शिकलो. तपास केला. नातवाची परीक्षा एप्रिलमध्येच संपते. तुमच्या मुलाला फोन लावला, तो म्हणाला, "काका, मी रजा टाकलीसुद्धा, आईच नको म्हणते." आता बोला.

लिंबाचं झाड आहे. आर्किटेक्टबाईंच्या नकाशात त्या जागेवरून पायवाट जात होती. मी झाडाला टेकून उभा राहिलो आणि म्हटलं, वाट सरळ न्यायची तर आधी मला बाजूला करा. बाई हसल्या आणि वाट वळवून घेतली. तुमची खोली कुठे होती हे आता त्या झाडावरूनच कळतं.

इकडे कमिटीत नावांच्या क्रमावरून जुंपली आहे. मोठे जमादार म्हणतात हुद्द्याप्रमाणे लावा. दुसरे म्हणाले, परेडला उभे राहायचे तसे, उंचीप्रमाणे. आर्किटेक्टबाईंनी विचारलं, "पण त्यांची उंची आता कशी कळणार?" जमादार खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "मला पाठ आहे." आणि खरंच एकेकाच्या नावासरशी हात हवेत धरून दाखवायला लागले, हा एवढा, हा एवढा. दादाच्या वेळी हात धरला आणि तसाच धरून राहिले. सभा तहकूब.

एक विचारतो. तुम्ही शिट्टीबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीत. दादा गेल्यावर वर्षाने खात्याने तुमच्याकडे खोली मागितली, तो सल अजून असणार. असेल तर मोकळेपणी बोला. वर्दीवर राग असेल तर तो माझ्यावर काढा, पण त्याच्या दिवसाला या. तुम्ही आला नाहीत तर ती खुर्ची मी रिकामीच ठेवणार आहे आणि सगळा वेळ तिच्याकडेच बघत बसणार आहे.

तपास चालू आहे,
भिंतीपलीकडचा


२१ मार्च

भावजी, नमस्कार.

माझ्या मुलाला फोन लावून माझ्याच घरात खबऱ्या नेमलात! शोभतं का हे या वयात?

राग कसला घेऊन बसलात? खोली मागितली नसती तरी मी सोडणारच होते. आणि नावांवरून एवढं काय भांडता? हुद्दा आणि उंची ठाण्यात. लाईनीत कुठे कोण हुद्द्याने राहत होतं? नळावर जमादारीणबाईंची घागर माझ्या मागेच असायची. खोल्यांच्या क्रमाने लावा. जो ज्याच्या शेजारी राहिला, त्याचं नाव त्याच्या शेजारी. एवढं साधं कुणाला सुचू नये म्हणजे कमाल आहे. बायका नाहीत वाटतं कमिटीत?

आता तुमचं पाचवं कारण. घ्या लिहून.

मला त्यांची शिट्टी आठवत नाही.

चेहरा आठवतो. दारात वाकून बूट काढताना धरायचे ती चौकट आठवते. चहा आधी ओठाला लावून, फार गरम आहे म्हणून खाली ठेवायचे आणि लगेच परत उचलायचे, ते आठवतं. शिट्टी आठवत नाही. तुमचं पहिलं पत्र आल्यापासून रोज आठवून बघते. काही येत नाही.

कशी गेली तेही सांगते. हे गेल्यावर संध्याकाळ झाली की वळणावर एकेकाची शिट्टी सुरू व्हायची. तुमची, लांब्यांची, जमादारांची. घराघरात आधण चढायचं आणि मी आपली कान देऊन बसलेली, आता आमची वाजेल म्हणून. माहीत असूनही बसलेली. ते सोसेना, तेव्हा मी त्या वेळेला शिवणाचं मशीन चालवायला लागले. शिवायला काही असो नसो, उशांचे जुने अभ्रे सरळ शिवत सुटायचे. पुढे मशीनची इतकी सवय झाली की मध्येच पाय थांबला तरी शिट्टी कानाला लागेना. वाटलं, सुटले. पण सगळ्यांच्या शिट्ट्या घालवता घालवता यांचीही गेली, ते मला फार उशिरा कळलं.

आता मी पहिल्या रांगेत बसायचं. शिट्ट्या वाजणार, आणि यांची कुठली हे मला कळणार नाही. शेजारी बसलेली तुमची बायको कोपराने खुणावणार, तेव्हा मी रडायचं. लोक म्हणणार, बिचारी. त्यापेक्षा गुडघे बरे.

हे कुणाला सांगू नका. शेजारणीलाही नको.

भिंतीअलीकडची


२८ मार्च

वहिनी,

शेजारणीला सांगितलं नाही. पण तिला एक गोष्ट विचारून घ्यावी लागली, कारण ती मी एकट्याने सांगणं बरोबर नव्हतं. ती म्हणाली, सांगा आता.

वहिनी, तुमच्या कानाला शिट्ट्या लागत नव्हत्या, कारण त्या वाजतच नव्हत्या.

भिंत पातळ होती. आमच्या हिच्या ध्यानात आलं की वळणावर पहिली शिट्टी झाली की तुमचं मशीन सुरू होतं आणि शेवटचा गडी घरात शिरला की थांबतं. एका संध्याकाळी मी घरी आलो तर ही दारातच उभी. म्हणाली, "उद्यापासून तुम्ही वाजवू नका." मी नळावर लांब्याला सांगितलं, लांब्याने जमादारांना. जमादारांनी हजेरीला सगळ्यांना उभं केलं आणि हुकूम दिला, वळणावर शिट्टी बंद. कारण सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

तेव्हापासून आम्ही सगळे मांजराच्या पावलांनी घरी यायचो. बायका दचकायच्या. तुम्ही लाईन सोडून गेलात, तरी कुणी परत सुरू केली नाही. मग नवी पोरं आली, त्यांना असं काही होतं हे माहीतच नव्हतं. चिमणीने ही कल्पना काढली तेव्हा मोठे जमादार आधी नाहीच म्हणाले होते. म्हणाले, "माझा हुकूम अजून उठलेला नाही." तो त्यांनी उठवला, पण तुम्ही येणार असं मी सांगितल्यावर.

तुमची सूचना एकमताने मंजूर झाली. खोल्यांप्रमाणे नावं लागणार. ज्या खोलीतला माणूस घरी परत आला, तिथे कोरा दगड बसवायचा. दादाच्या शेजारी माझा कोरा दगड आहे. मी त्याच्याकडे बघत होतो तर जमादार म्हणाले, "बघतोस काय, ती जागा आता तुला मिळायची नाही." सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन जेवलो नाही.

दादाची शिट्टी मला आठवते. दोन आखूड, मग एक वर चढत जाणारी. लिहून काही साधत नाही. तुमच्यासाठी फुंकून बघायला गेलो तर वरची कवळीच बाहेर आली. तेव्हा माझ्याकडचा पुरावा इथे संपला. आता फक्त चिमणी आहे.

भिंतीपलीकडचा


२६ एप्रिल

भावजी, नमस्कार.

उत्तराला फार उशीर झाला. लिहायला बसायचे आणि उठायचे. सूनबाईला वाटलं कुणी गेलं. म्हटलं, नाही गं, कुणीतरी परत आल्यासारखं झालंय, आणि मला त्यांच्याशी काय बोलावं ते कळत नाही.

अख्खी लाईन माझ्यासाठी गप्प झाली आणि मला पत्ता नाही! तेव्हा भिंतीतून तुमची कुरबुर ऐकू यायची, "चहा अजून झाला नाही का?" आणि मी इकडे मनात म्हणायचे, हिला झालंय तरी काय, एवढी वर्षं संसार करून आधण वेळेवर ठेवता येत नाही? आणि ती बाई ऐकून घेत होती. तुम्हालाही तिने कधी उलट सांगितलं नाही की शिट्टी वाजवत नाही तर मला कळणार कसं. माझ्या शेजारणीला सांगा, मी तिच्यावर फार रागावलेय. भेटल्यावर बघते.

तुमचं 'दोन आखूड, एक चढती' मी मोठ्याने म्हणून बघितलं. सूनबाई आतून धावत आली, तिला वाटलं कुकर झाला. नाही आठवलं.

पण एक आठवलं. मशीन सुरू करायच्या आधीची गोष्ट. हे जाऊन थोडेच दिवस झाले होते. संध्याकाळी वळणावर यांची शिट्टी वाजली आणि मी उठून आधण ठेवलं. साखर टाकली, चहा टाकला, आणि मग मला भान आलं. बाहेर येऊन बघते तर टाकीपाशी चिमणी उभी, तुमची शिट्टी गळ्यात अडकवलेली. तिला वाटलं होतं काकीला बरं वाटेल. माझं तोंड बघून पोर थिजली. चहा झालाच होता. पायरीवर बसवून यांच्या कपात तिला दिला. लहान पोरांना चहा नाही हा तुमच्या घरचा कायदा, तरी तिने शेवटच्या घोटापर्यंत संपवला. म्हणजे त्या दिवशी मी ओळखली होती. म्हणजे माझ्यात कुठेतरी होती.

म्हणून येते. पण एक अट. शिट्ट्या भिंतीच्या क्रमाने वाजवायच्या नाहीत, मागेपुढे करायच्या. कुणाची कुठली, हे मला कुणी सांगायचं नाही, नंतरसुद्धा नाही. तुमचं 'दोन आखूड' मोजून ओळखणं मी धरणार नाही. शेजारणीचं कोपर तुम्ही धरून ठेवा. ओळखली तर ओळखली. नाही ओळखली, तर ती गेली असं मी समजेन आणि परत कधी विचारणार नाही.

भिंतीअलीकडची


१७ मे

वहिनी,

तुम्ही सुखरूप पोचल्याचं मुलाकडून कळलं. तुमच्याकडून काही नाही.

उद्यान चांगलं झालं असं सगळे म्हणतात. मला त्या संध्याकाळचं एकच आठवतं. चिमणी टाकीच्या वळणावर उभी, एकेक शिट्टी वाजतेय. आणि मध्येच तुम्ही खुर्चीतून उठलात. साहेबांच्या समोरून, कुणाकडे न बघता, काठी खुर्चीलाच ठेवून गेलात. लिंबाच्या झाडापाशी आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिलात. सगळ्या शिट्ट्या संपल्या तरी परत आला नाहीत. मग मुलाने तुम्हाला हळूच गाडीत बसवलं. सकाळी आम्ही तुमच्या मुक्कामावर यायच्या आत तुम्ही निघालात.

तुम्ही उठलात तेव्हा कुणाची शिट्टी चालू होती हे मला माहीत आहे, पण अट आहे म्हणून लिहीत नाही. मी असं धरून चाललोय की तुम्हाला ओळखता आली नाही आणि ते सहन झालं नाही. मी फार आग्रह केला. चिमणीलाही वाटतंय की लहानपणी केलं तेच तिने पुन्हा केलं. काल ती माझ्यासमोर रडली, अंगावर वर्दी असताना. तिच्या आईने तिला जवळ घेतलं.

एवढं कळवा की तुम्ही आमच्यावर रागावला नाहीत. की रागावलात, तेही कळवा.

भिंतीपलीकडचा


२४ मे

भावजी, नमस्कार.

तपास साफ चुकला.

मी निघून गेले नव्हते. मी आधण ठेवायला उठले होते.

शिट्ट्या सुरू झाल्या तेव्हा मी कान टवकारून बसले होते. लांब्यांची ओळखली, हसूच आलं. मग एक वाजली, ती नव्हे. मग आणखी एक, तीही नव्हे. मनात म्हटलं, राहू दे आता, उगाच आले. आणि पुढचं मला नीट सांगता येणार नाही. मी खुर्चीवर नव्हतेच. लिंबापाशी उभी होते, जिथे माझा ओटा होता तिथे, आणि माझा हात पुढे होऊन काडेपेटी शोधत होता. गुडघा दुखला नाही. काठी मागे राहिली हे तुमच्या पत्रातून कळलं.

कानाने मी ओळखली म्हणत नाही. उठले तेव्हा धड ऐकलीही नसेल, शेवट तेवढा कानात राहिला. पण भावजी, त्या घरात त्या एका माणसासाठीच मी तशी उठायचे. कुणाची होती हे तुम्ही लिहू नका. लिहायची गरजच राहिली नाही.

परत आले नाही कारण रडत होते. पहिल्या रांगेत रडायचं नव्हतं. माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून रडले, बरं वाटलं. सकाळी न भेटता निघाले कारण तोंड उघडलं असतं तर पुन्हा तेच झालं असतं. त्याआधी एकटीच बागेत जाऊन आले होते. यांच्या नावावरून हात फिरवला, शेजारच्या तुमच्या कोऱ्या दगडावरूनही फिरवला. तो तसाच कोरा राहू द्या. कवळी सांभाळा. माझ्या शेजारणीने कोपर आवरलं त्याबद्दल तिला शाबासकी द्या.

आता ती रोज ऐकू येते. भांडी घासताना, जिना चढताना. सूनबाई विचारते, आई, हे काय गुणगुणता? म्हटलं, तुझे सासरे येतायत.

चिमणीला म्हणावं, रडायचं कारण नाही, रजा काढून ये, चहा मी करते, आईला सांगू नकोस. आणि तिला एक चूक दाखवायची आहे. तिने ती चढती शिट्टी शेवटपर्यंत नेली. हे कधी शेवटपर्यंत नेत नसत, मध्येच तोडायचे. तेवढं सुधारून घ्यायला सांगा, पुढच्या वर्षी मी ऐकायला येणार आहे. मध्येच तोडायचे, कारण तोवर मी दार उघडलेलं असायचं.

भिंतीअलीकडची